कोतरातले दोन बिल्ले

मानसिंगराव शितोळ्यांनी पत्र्याचे बिल्ले करून आणले त्या रविवारी सगळी मंडळी हसली होती. रुपयाएवढे गोल बिल्ले, प्रत्येकावर खिळ्यानं ठोकून काढलेला नंबर, आणि फाटकाजवळच्या लिंबाला टांगलेली एक फळी. फळीवर खिळ्यांच्या तीन ओळी. एकीवर लिहिलेलं रोपवाटिका, दुसरीवर गवत, तिसरीवर कोतर. जिथं काम करायला जाल तिथं आपला बिल्ला अडकवायचा. जागा बदलली तर आधी फाटकाशी येऊन बिल्ला बदलायचा. घरी निघताना डब्यात टाकायचा.

“काका, आपण झाडं लावायला येतो, कारखान्यात पाळीवर नाही,” पीयूष म्हणाला होता.

“आगीला आणि मगरीला ते ठाऊक नसतं,” मानसिंगराव म्हणाले आणि एक नंबरचा बिल्ला त्याच्याच हातावर ठेवला.

ती जमीन शहराच्या कडेच्या तरसालीच्या पुढं, नदीकाठी. वनखात्याची राखीव, चौदा एकर. पश्चिमेला अंबुभाई पाटणवाडियांची गव्हाची शेतं. पूर्वेला कोतर, म्हणजे पावसाच्या पाण्यानं काठच्या मातीत कापत नेलेली दोन पुरुष खोल घळ, आणि तिच्या तळाशी नदीचा डोह. नऊ वर्षांपूर्वी तिथं वेड्या बाभळीखेरीज काही नव्हतं. अंबुभाई तिला गांडो बावळ म्हणत. कोणत्याही भाषेत म्हणा, गुण तोच. तिच्याखाली गवताची काडी उगवत नाही, तोडली तर दुपटीनं फुटते, आणि काटा पायात मोडला तर महिनाभर ठणका जात नाही. गोत्रीत पीयूषचा छोटा छापखाना आहे. त्यानं खेटे घालून वनखात्याची परवानगी मिळवली आणि दर रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं तिथं जमू लागली. बाभूळ मुळासकट काढायची. मोकळ्या जागी मारवेल गवताचं बी फेकायचं. बोर, शमी, पिलू अशी इथलीच झाडं लावायची, आणि कोतराच्या कडेला अर्जुन नि करंज. पाच पावसाळ्यांत गवत कमरेएवढं झालं. सहाव्या वर्षी त्यात तितर बोलायला लागले.

मानसिंगराव पहिल्या वर्षापासूनचे. पणजोबा संस्थानच्या पागेत होते, आजोबा वाड्याच्या देवडीवर पहाऱ्याला, वडील गिरणीत रखवालदार. मानसिंगराव शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्यात आग विझवणाऱ्या तुकडीचे प्रमुख झाले. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची वस्तू सांभाळण्याचंच काम. सेवा संपायला चार वर्षं असतानाच त्यांनी नोकरी सोडली. का सोडली ते घरात कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची होती. कारखान्याच्या तळघरात विजेच्या तारांना आग लागली. तसल्या बंद जागेत पाणी चालत नाही. दारं लावून आत गॅस सोडतात, हवा संपते आणि आग गुदमरून मरते. माणूस आत असेल तर तोही. मानसिंगराव गॅस सोडायच्या दांड्यावर हात ठेवून उभे होते. पाळीचा सुपरवायझर धावत आला नि म्हणाला, “सगळे बाहेर आहेत.” त्यांनी दांडा ओढला. आग चार मिनिटांत विझली. तासाभरानं दार उघडलं तेव्हा वायरमन श्रीकृष्ण साळवी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सापडला. चौकशीच्या कागदावर एक ओळ आधीच टाइप केलेली होती: ‘आत कोणी नसल्याची खात्री करून घेतली होती.’ मानसिंगरावांनी खाली सही केली. कारखाना वाचवल्याबद्दल त्यांना शाल मिळाली. ती त्यांनी कधी पांघरली नाही.

या जमिनीवर आल्यावर त्यांनी सर्वांत आधी मागितला तो जाळपट्टा. दर जानेवारीत जमिनीच्या मधोमध, उत्तरेच्या फाटकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत, बारा फूट रुंदीचं गवत जमिनीसपाट कापायचं. पट्ट्याच्या पश्चिमेला गवताळ माळ, पूर्वेला झाडांच्या रांगा आणि कोतर. आणि दुसरी मागणी ही, की तोडलेल्या बाभळीचे ढीग कोतराच्या तोंडावर रचू नका. पहिली मागणी मंडळींनी मान्य केली. दुसरी राहून गेली. काटेरी फांद्या दूर ओढून नेणार कोण? या वर्षी तर कोतराच्या कडेला असे सात ढीग वाळून खडखडीत झाले होते.

एप्रिलमधल्या दुसऱ्या रविवारी चौदा माणसं आली होती. साडेनऊ वाजले असतील. मानसिंगराव रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरत होते आणि त्यांचा हात थांबला. वास आला होता. कापणीनंतर शेतात उरलेल्या काडाचा धूर सकाळपासून होताच, अंबुभाईंनी वारा नसताना पहाटे काड पेटवला होता, दर वर्षी पेटवतात. पण हा वास वेगळा, ओलसर आणि गोड. हे मारवेल होतं.

ते उभे राहिले. पश्चिमेच्या थोराच्या, म्हणजे निवडुंगाच्या, कुंपणावर धुराची भिंत उभी होती आणि ती त्यांच्याकडं कललेली होती.

त्यांनी गळ्यातली शिट्टी तीनदा लांब वाजवली. लोक हातातलं टाकून फाटकाशी आले. शेताच्या बाजूनं अंबुभाई धावत आले, धोतराचा सोगा हातात, तोंडाला कोरड पडलेली.

“साहेब, पवन फर्यो,” ते म्हणाले. “वारा एकदम फिरला. मी बांधावर उभा होतो, पाणी मारलं, पण आगीनं कुंपणावरनं उडी मारली.”

“तुमच्या पंपापाशी डिझेल आहे ना? कॅन घेऊन या. आणि एक गोणपाट.”

अंबुभाई का म्हणून न विचारता पळाले. पीयूषनं अग्निशमनला फोन लावला होता. गाड्या दुसऱ्या टोकाला एका आगीवर होत्या, निघाल्या तरी अर्धा तास धरा असं उत्तर आलं.

“बिल्ले काढा,” मानसिंगराव म्हणाले. “प्रत्येकानं आपला.”

या वेळी कुणी हसलं नाही. एकेक हात फळीकडं गेला, एकेक बिल्ला निघाला. फळीवर दोन उरले. सात आणि अकरा, दोन्ही कोतराच्या ओळीत.

“शर्वरी आणि सलील,” पीयूष म्हणाला. शर्वरी वनस्पतिशास्त्र शिकणारी, सलील संगणकाच्या कंपनीतला, दोघंही पंचविशीच्या आतली. “पण ती कोतरात नाहीत, काका. मीच त्यांना साडेआठला सांगितलं, माळावर जा आणि तितरांची घरटी मोजा.”

“बिल्ले तर कोतरातच आहेत.”

“बदलले नसतील. कोण बदलतंय.” हे बोलून त्याचाच चेहरा उतरला.

दोघांचेही फोन लागत नव्हते. कोतरात फोन लागतच नाही, पण माळाच्या खोलगट भागातही लागत नाही, तेव्हा त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. मानसिंगरावांनी पुन्हा शिट्टी वाजवली आणि कान दिला. आगीचा आवाज आता येऊ लागला होता, मोठ्या कढईत काही तळत असल्यासारखा.

काय करायचं ते त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि तेच करता येत नव्हतं. बारा फुटांचा पट्टा रांगत्या आगीला पुरतो. वाऱ्यावर स्वार झालेल्या, कमरेएवढ्या गवतातल्या आगीला तो एक पाऊल आहे. ती पट्टा ओलांडणार, झाडांच्या रांगांतून जाणार, कोतराच्या तोंडावरचे सात ढीग पेटणार, आणि पेटते ढीग खाली कोसळले की कोतराची भट्टी होणार. उपाय एकच. पट्ट्याच्या पश्चिम कडेनं आपणच गवत पेटवायचं. पट्ट्यामुळं ती आग मागं येऊ शकत नाही, ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू पुढं सरकते आणि मोठ्या आगीला खायला काही ठेवत नाही. पण ती हळू सरकते, म्हणून लवकर पेटवायला हवी. आत्ता, या घटकेला.

पोरं कोतरात असतील तर त्यानं वाचतील. माळावर असतील तर दोन आगींच्या मधे सापडतील.

“काका, पेटवायचं म्हणता ना तुम्ही?” पीयूषच्या लक्षात आलं होतं. अंबुभाई कॅन घेऊन आले होते, गोणपाट डिझेलमध्ये भिजवून काठीला गुंडाळतही होते. “मग पेटवा. उशीर होतोय. ती माळावर असती तर एवढा धूर बघून एव्हाना आली असती.”

“असती,” मानसिंगराव म्हणाले. “असती म्हणजे काय? तू बघितलंस त्यांना?”

“नाही, पण...”

“मग मला सांगू नकोस.”

आवाज चढला नव्हता. पण पीयूष एक पाऊल मागं सरला. या माणसाला त्यानं नऊ वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं.

मानसिंगरावांनी माणसांवरून नजर फिरवली आणि ती कांचनताईंवर थांबली. वासण्याला राहणाऱ्या कांचनताईंनी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. दिलेली सूचना त्या कधी आपल्या मनानं सुधारत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं.

“ताई, हा टेंभा तुम्ही धरा. काडेपेटी जवळ ठेवा. मी कोतराच्या कडेला जातो. तो उंचवटा दिसतो ना, करंजापाशी? तिथून मी दोन्ही हात वर केले तर पेटवायचं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पेटवत जायचं. मी एक हात केला तर पेटवायचं नाही. मी दिसलोच नाही तरी पेटवायचं नाही.”

“दोन हात, तरच,” कांचनताई म्हणाल्या.

“तरच. मग पीयूष काय वाटेल ते म्हणो.”

“आणि आग पट्ट्यापर्यंत आली तर?” पीयूषनं विचारलं.

“तर सगळ्यांना घेऊन रस्त्यावर जा.”

“आणि तुम्ही?”

मानसिंगराव निघाले होते.

ते सहासष्ट वर्षांचे होते आणि उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरायचा. अर्जुनाच्या रांगांतून सव्वाशे पावलं. चौथ्या-पाचव्या वर्षाची झाडं, काहींना त्यांनी स्वतः दुष्काळात खांद्यावरून पाणी घातलेलं. त्यांनी एकाकडंही पाहिलं नाही. डोक्यात एकच हिशेब चालू होता. मिनिटाला वीस हात, फार तर पंचवीस. माळ तीनशे हात रुंद. त्यातला तिसरा हिस्सा जळून गेलेला. माळावर कुणी हाक मारतंय का म्हणून त्यांनी पळता पळता मान वळवली. धुरात एक टिटवी गोल गोल फिरत ओरडत होती, बाकी काही नाही.

कडेला पोचले तेव्हा श्वास पुरत नव्हता. त्यांनी खाली वाकून पाहिलं.

शर्वरी तिथं होती. डोहाच्या काठच्या चिखलावर, मातीच्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळवे भिंतीला टेकवून उभी. तिनं वर पाहिलं, पण हाक मारली नाही. नुसतं बोट दाखवलं. तिच्यापासून आठ-दहा हातांवर, वर येणाऱ्या पायवाटेच्या अगदी तोंडाशी, एक मगर होती. आठ फुटांची, तोंड उघडं, अंग फुगवलेलं. तिच्या मागं भिंतीतली माती नव्यानं उकरलेली दिसत होती. मादी होती. अंड्यांवर बसलेली.

मानसिंगरावांना सगळं एकदम समजलं. पोरं शिट्टी ऐकून वर यायला निघाली होती आणि हिनं वाट अडवली होती. आठवड्यापूर्वी हिचं घरटं तिथं कुणाला दिसलं नव्हतं, आणि पोरं सकाळी उतरली तेव्हा ही डोहात असणार.

“सलील कुठं आहे?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“इथंच आहे. वळणाच्या पलीकडं.”

कडेवरून वळणापलीकडचं दिसत नव्हतं. करंजाच्या मुळ्या आणि फुगलेली भिंत मधे येत होती. मागं कढईचा आवाज वाढला होता. त्यांना जाणवलं की आपले हात वर उठू लागले आहेत. ‘इथंच आहे.’ ‘सगळे बाहेर आहेत.’ त्यांनी हात खाली घेतले.

“शर्वरी, माझं ऐक. तू त्याला आत्ता बघतेस, का तो तिथं असेल असं तुला वाटतंय?”

ती गोंधळली. “काका, तो...”

“तुझ्या डोळ्यांना दिसतोय का? हो किंवा नाही.”

तिनं मान डावीकडं वळवली. एक क्षण गेला.

“दिसतोय. बसलाय. मागं सरताना पडला, घोटा सुजलाय त्याचा. त्यानं निळा शर्ट घातलाय. माझ्याकडंच बघतोय.”

“तुम्ही माळावर गेलाच नव्हता?”

“नाही. बिल्ला बदलायला फाटकापर्यंत जायचा कंटाळा आला. म्हटलं, आधी इथलं उरकू.”

मानसिंगराव उंचवट्यावर चढले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. धुरातून, सव्वाशे पावलांवर, कांचनताई काठी धरून उभ्या होत्या. पीयूष शेजारी हातवारे करत होता आणि त्या त्याच्याकडं बघतही नव्हत्या. त्यांनी वाकून टेंभा पेटवला आणि चालायला लागल्या. मागून गवताच्या कडेला पिवळी रेघ उमटत गेली. पट्ट्यावर उरलेली माणसं लिंबाच्या ओल्या फांद्या घेऊन उभी राहिली.

नऊ वर्षांचं गवत होतं ते. मानसिंगरावांनी एकदा पाहून घेतलं आणि वळले.

वर थांबण्यात अर्थ नव्हता. खालच्या वाटेवर मगर होती, आणि एखादा ढीग जरी पेटला तरी पोरांच्या डोक्यावरच येणार होता. त्यांनी जवळच्या ढिगातून वेड्या बाभळीची एक दाट, माणूसभर लांबीची फांदी ओढली. काटे तळव्यात शिरले. करंजाच्या मुळ्यांना धरून, फांदी मागं ओढत, ते घसरतच खाली उतरले आणि शर्वरीच्या पलीकडं चिखलात पडले. गुडघ्यात कळ गेली. मगरीनं हिस्स केलं, पण जागची हलली नाही.

सलील वळणापाशी बसला होता. चेहरा पांढरा, पण शुद्धीवर. “काका, वर काय झालंय?” त्यानं विचारलं.

“आग आहे. आपल्याला वरच्या बाजूला, खडकाच्या उतारापर्यंत जायचंय. तिथं गवत नाही. किती चालवतं?”

“एका पायावर.”

मुळ्यांना धरून त्या पायानं वर चढणं शक्य नव्हतं. खडकाचा उतार पन्नास हातांवर होता, पण मगरीच्या पलीकडं. तिचं घरटं आणि पाणी यांमधून तीन हातांची चिखलाची पट्टी जात होती, तेवढीच. “थांबू,” मानसिंगराव म्हणाले. “आग तिकडंच संपली तर हिला डिवचायचं काही कारण नाही.”

थांबले. वरचं आभाळ पिवळं झालं, मग तपकिरी. मानसिंगरावांनी गळ्यातला पंचा डोहात भिजवून फाडला आणि तिघांनी तोंडावर धरला. शर्वरी पुटपुटत आकडे मोजत होती. ती कशाला मोजते आहे ते त्यांनी विचारलं नाही. एका क्षणी वारा एकदम आत ओढला गेला, वरून पाचोळा माळाच्या दिशेनं उडाला, आणि मानसिंगरावांना कळलं की दोन्ही आगी समोरासमोर आल्या. मोठी आग जवळ आली की समोरची हवाही ओढून घेते आणि छोटीला आपल्याकडं खेचते. मोठा आवाज झाला. मग तो आवाज बसत गेला.

“झालं?” सलीलनं विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायच्या आत डोक्यावर काहीतरी तडतडलं. उडालेली एक ठिणगी कडेवरच्या ढिगात पडली होती. सातांतला एकच ढीग पेटला, पण तो त्यांच्या बरोबर वर होता. पहिली जळती फांदी खाली आली ती सलीलच्या मागच्या पाचोळ्यात. पाचोळ्यानं लगेच पेट घेतला.

आता थांबणं संपलं होतं.

“शर्वरी, त्याला खांदा दे. पाण्यात पाय टाकायचा नाही, माझ्या मागून यायचं. मी थांबलो तर थांबायचं. पळायचं नाही.”

मानसिंगरावांनी काटेरी फांदी दोन्ही हातांनी पुढं धरली, झाडूसारखी जमिनीलगत, आणि एकेक पाऊल टाकत निघाले. मगरीचे डोळे हलत नव्हते. सहा हात. चार हात. तिच्या तोंडाचा वास येत होता, कुजक्या माशांचा. त्यांना तिची भीती वाटत होती, पण राग येत नव्हता, ती जे करत होती ते त्यांना चांगलं समजत होतं. त्यांनी फांदी तिच्या आणि वाटेच्या मधे टेकवली आणि अंग चोरून बाजूला झाले.

“जा.”

पोरं त्यांच्या पाठीला घासत पुढं गेली. सलीलचा सुजलेला पाय चिखलात रुतला, तो कण्हला, आणि मगर सुटली. तिनं घेतलेली झेप डोळ्यांना दिसलीच नाही. फांदी हातातून हिसकली गेली आणि कडाकड मोडल्याचा आवाज आला. काटे तोंडात घेऊन तिनं मान झटकली, दोनदा. मानसिंगराव तोवर मागच्या पावली खडकाकडं सरकत होते. ती मागं आली नाही. फांदी टाकून परत घरट्यापाशी गेली आणि तोंड उघडून बसली.

खडकावर पोचल्यावर शर्वरी खाली बसून रडायला लागली. मानसिंगरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

अग्निशमनची गाडी आली तेव्हा विझवायला तो एक ढीगच उरला होता. पाचोळ्याची आग ओल्या चिखलाशी येऊन मेली होती, घरटं राहिलं. माळाचं आठ एकर गवत काळं पडलं. झाडांच्या पहिल्या दोन रांगा धगीनं करपल्या, बाकीच्या वाचल्या. पट्ट्यालगतच्या राखेत तितराची अंडी सापडली, अकरा. कांचनताईंनी ती मोजली आणि तिथंच माती लोटली. त्यांना भुवया-पापण्यांपासून उजव्या मनगटापर्यंत धग लागली होती. बोलल्या मात्र एवढंच, “मला वाटलं, तुम्ही हात वर करायला विसरलात.”

तीन दिवसांनी वनखात्याला जबाब द्यायचा होता. पीयूष आदल्या संध्याकाळी तरसालीला घरी आला, मानसिंगरावांच्या पत्नीनं दिलेलं सरबत न पिता बसून राहिला.

“काका, आपण पेटवलं हे लिहू नका. राखीव जमिनीत आग लावणं गुन्हा आहे. आपली परवानगी जाईल. आग शेतातून आली आणि पट्ट्यापाशी अडली, एवढं लिहा. हे काही खोटं नाही.”

“खोटं नाही,” मानसिंगराव म्हणाले. “मी पूर्वी एकदा असंच, खोटं नसलेलं, सही करून दिलं होतं.”

आणि मग त्यांनी त्याला श्रीकृष्ण साळवीबद्दल सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांनीही ते तेव्हाच ऐकलं.

जबाबात त्यांनी सगळं लिहिलं. पेटवायला मी सांगितलं. टेंभा माझ्या सांगण्यावरून धरला गेला. बाभळीचे ढीग कोतराच्या तोंडावर ठेवायला नको होते, मी ते हट्टानं हलवून घ्यायला हवे होते. अंबुभाईंबद्दल लिहिलं की त्यांनी वारा नसताना काड पेटवला, वारा फिरल्यावर पळून गेले नाहीत, डिझेल त्यांनीच दिलं. अंबुभाईंना दंड झाला. मंडळींची परवानगी तीन महिने थांबवली. पीयूष दोन महिने मानसिंगरावांशी फोनवर कामापुरतंच बोलत होता.

त्या तीन महिन्यांत एका दुपारी मानसिंगराव श्रीकृष्णच्या घरी गेले. पत्ता त्यांना बारा वर्षं पाठ होता. मुलगी योगिनी घरी होती, आता एका दवाखान्यात काम करणारी. आई गेली होती चार वर्षांपूर्वी. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, सहीपर्यंत सगळं. ती भिंतीकडं बघत ऐकत होती.

“स्वतः बघितलंस का, असं तुम्ही सुपरवायझरला विचारलं असतं तर बाबा वाचले असते?”

“माहीत नाही. तो कदाचित हो, बघितलं, असंच म्हणाला असता. पण मी विचारलं नाही. आणि खात्री करून घेतली असं लिहून दिलं.”

“आईला कारखान्याच्या लोकांनी सांगितलं होतं की बाबा सूचना न ऐकता आत गेले. ती शेवटपर्यंत त्यांच्यावर चिडून होती.” योगिनीनं शेजारची वही उघडली. “हे तुम्ही मला लिहून द्याल?”

त्यांनी तिथंच, तिनं दिलेल्या वहीच्या पानावर लिहून दिलं आणि खाली तारीख घातली. तिनं पान वाचलं, घडी केली. त्यांना बसा म्हणाली नाही. दारापर्यंत मात्र आली.

जुलैच्या तिसऱ्या रविवारी फाटक पुन्हा उघडलं. आठच माणसं आली. माळावर अर्ध्या भागात मारवेल वीतभर उगवलं होतं. उरलेल्या अर्ध्यात, राखेच्या खतावर, वेड्या बाभळीची रोपं आली होती, हजारोंनी, कोवळी आणि पोपटी. मुळं अजून बोटभरच होती. महिनाभरात ती हातभर गेली असती आणि मग कुदळीशिवाय निघाली नसती.

सलील लंगडत आला होता. त्यानं बिल्ला गवताच्या ओळीत अडकवला. पीयूष थोडा उशिरा आला, कोतराच्या कडेला जाऊन उरलेल्या सहा ढिगांपैकी एकातली फांदी ओढू लागला.

“रस्त्याकडं नेऊ ना, काका?” त्यानं लांबून विचारलं.

“रस्त्याकडं,” मानसिंगराव म्हणाले, आणि पोतं अंथरून, गुडघा सांभाळत, पहिल्या रोपाशी बसले.